आमची वाटचाल : को-अ‍ॅक्सपासून फायबरपर्यंत

देवगड तालुक्यात केबल टीव्हीपासून आमची सुरुवात झाली. आज त्याच वाड्यांमध्ये आम्ही इंटरनेट देतो. मधल्या काळात माध्यम बदलत गेलं, आणि दर वेळी कारण एकच होतं : मागणीएवढा वेग शेवटच्या घरापर्यंत टिकत नव्हता.

को-अ‍ॅक्समध्ये, म्हणजे केबल टीव्हीच्या गोल केबलमध्ये, फ्रिक्वेन्सी वाढेल तसा सिग्नल पडतो. आरजी-६ केबलमध्ये १०० मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर पाच-सहा डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, १००० मेगाहर्ट्झवर वीसच्या वर. म्हणून सड्यावरून (वरच्या पठारावरून) खाली वाडीत उतरताना अ‍ॅम्प्लिफायरमागे अ‍ॅम्प्लिफायर बसवावा लागतो, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर नॉइजही (नको असलेली खरखर) वाढवतो. टीव्हीला ते चालून जातं. इंटरनेटचा अपलोड मात्र खालच्या पट्ट्यातून परत येतो आणि तिथे सगळ्या घरांचा नॉइज एकत्र होतो. खाऱ्या हवेने गंजलेला एका घरातला कनेक्टर अख्ख्या लाइनचा अपलोड बिघडवतो.

खाडीपलीकडच्या गावांसाठी ५.८ गिगाहर्ट्झचे रेडिओ लावले. सहा किलोमीटरच्या लिंकला मध्यावर दृष्टिरेषेभोवती पाच मीटर तरी जागा मोकळी लागते. समोरचा टॉवर दिसतो एवढ्यावर भागत नाही, कारण माड दर वर्षी वाढतात. पाण्यावरून परावर्तित होणारी लहर हा आणखी त्रासदायक भाग. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की थेट आणि परावर्तित लहरींचा मेळ बदलतो, आणि सिग्नल ठरावीक वेळी बसतो. उपाय म्हणजे एक अँटेना उंच सड्यावर आणि दुसरा मुद्दाम खाली. परावर्तनाची जागा खालच्या टोकाकडे सरकते आणि पाण्याऐवजी कांदळवनात पडते. चॅनेल २० वरून ४० मेगाहर्ट्झ केला तर वेग जवळपास दुप्पट होतो, पण नॉइजही तीन डीबी वाढतो. कमजोर लिंकवर हा सौदा तोट्याचा. शिवाय हे रेडिओ आळीपाळीने बोलतात आणि ऐकतात, म्हणून खोक्यावर ३०० एमबीपीएस असले तरी हाती निम्म्याच्या आसपास येतात.

टॉवरवरच्या रेडिओपासून खाली येणारी लॅन केबल १०० मीटरच्या आत आणि शुद्ध तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण रेडिओला जाणारी पॉवर तिच्यात जास्त घटते आणि टोकं लवकर गंजतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. एक तार गंजून हिरवी पडली की पोर्ट गपचूप १०० वर येतो. लिंक चालू दिसते, वेग मात्र गेलेला असतो. स्पीडची तक्रार आली की आम्ही आधी हेच पाहतो.

फायबरने अंतराचा प्रश्नच हलका केला. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर किलोमीटरला साधारण ०.३५ डीबी जातात. जीपॉन म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत. तिच्या एका पोर्टवर डाउनलोड २.५ गिगाबिट, अपलोड १.२५, आणि बी प्लस मॉड्यूलचं बजेट, म्हणजे वाटेत चालून जाणारी एकूण घट, २८ डीबी. आठ किलोमीटरला तीन डीबी, प्रकाश चार आणि आठ वाटांत विभागणाऱ्या १:४ आणि १:८ स्प्लिटरला मिळून अठरा, कनेक्टर-जॉइंटला दोन. पाच डीबी शिल्लक राहतात. ६४ घरं जोडण्याइतका स्प्लिटर लावता येतो, पण आम्ही ३२ वरच थांबतो. पावसाळ्यात फांदी पडून केबल तुटते, जॉइंट वाढतात, आणि ते पाच डीबी तेव्हा कामाला येतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत झाडं आणि खांब कसे आडवे केले, ते कोकणात सर्वांनी पाहिलं आहे.

लॉस (प्रकाशाची घट) वाढला की १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्हींवर मोजावा. १५५० वर बराच जास्त दिसला तर केबल कुठेतरी मुडपली आहे; दोन्हीकडे सारखाच असेल तर जॉइंट किंवा कनेक्टर बघा. हिरवा (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्यात (सरळ टोकाच्या) कधीच घालू नये. जॉइंट बॉक्समध्ये केबल खालूनच आत घ्यावी, नाहीतर पाणी तिच्यावरून ओघळत आत शिरतं. खांबावरून घरात येणारी ड्रॉप केबल शक्यतो एफआरपी (काचतंतू-प्लास्टिकच्या) रॉडची. स्टीलची तार वीज घरात आणते.

घरात माध्यम म्हणून पुन्हा हवाच येते. जांभ्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम एक खोली ओलांडतं. २.४ पुढे जातं, पण त्यात वेग कमी. अशा घरात राउटर माजघरात ठेवावा आणि पडवीसाठी कॅट-६ लॅन केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा. वायफायवरचा रिपीटर तिथे अर्धा वेग खातो, म्हणून आम्ही तो बसवत नाही.