बेसा की दाभा? आणि बसचा रूट सांगणार कोण?

मागच्या दिवाळीत ठरलं की नागपूरच्या महाल भागातलं घर सोडायचं. दिराचं लग्न जमलं होतं, खोल्या तीन आणि माणसं आठ. भांडण वगैरे काही नाही, सासूबाईंनीच विषय काढला. मोठी चार वर्षांची, जूनपासून केजी-वनला जाणार होती. धाकटा दीड वर्षाचा. म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आत भाड्याचं घर बघून एकदाच काय ते हलू.

नवऱ्याचं काम मिहानमध्ये, म्हणजे दक्षिणेला विमानतळाजवळच्या उद्योगांच्या भागात, माझं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. त्यामुळे घरात लगेच दोन पक्ष पडले. त्याचं बेसा, माझं दाभा. बेसा शहराच्या दक्षिणेला, दाभा वायव्येला, म्हणजे एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. बेसाला तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त मिळत होती, इमारत नवी, खाली घसरगुंडी आणि झोके. दाभ्याला घर जुनं, पण माझी आई गिट्टीखदानला, स्कूटीनं दहा मिनिटांवर. ज्यांच्या घरी दीड वर्षाचं लेकरू आणि नोकरी करणारी आई आहे, त्यांना या दहा मिनिटांची किंमत सांगायला नको.

तरी मी बेसाला तयार झाले होते, हे आधीच सांगते. झोके पाहून लेक जी बसली ती उतरेचना. नवरा म्हणाला, मेट्रोनं जा तू. वाटेतल्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकाचा जुना ताप उड्डाणपुलानं कमी झालाय, उज्ज्वलनगरला गाडी लावायची, ऑरेंज लाइननं सीताबर्डी. हिशोब कागदावर छान बसत होता. रविवारी संध्याकाळी पाहिलेलं कुठलंही घर छानच दिसतं, हे मला नंतर कळलं. घर पाहायचं तर एप्रिलात दुपारी एक वाजता पाहा. तेव्हा बाहेर सावली आहे की नाही, जिना तापतो का, रिक्षा मिळते का, सगळं एका फेरीत समजतं.

आता मूळ दुखणं.

शाळा आम्ही आधीच ठरवली होती, शहराच्या साधारण मध्यावरची. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या बाई खरंच चांगल्या आहेत आणि लेक तिथेच जाते. दोन्हीकडून अंतर जवळपास सारखं वाटत होतं, म्हणून निकाल एकाच गोष्टीवर होता. बस घरापर्यंत येते का, आणि लेकराला किती वेळ बसमध्ये बसावं लागतं. साधा प्रश्न आहे ना? मला उत्तर मिळायला पाच आठवडे लागले.

पहिल्यांदा गेले ती जानेवारीत, फॉर्म घ्यायला. खिडकीवर ताई होत्या.

"बेसाला बस जाते का हो?"

"रूट एप्रिलमध्ये पडतात मॅडम."

"पण यंदा जाते का?"

"यंदाचं वेगळं असते, पुढचं वेगळं असते."

"म्हणजे यंदा जाते?"

"ते ट्रान्सपोर्टवाले सर सांगतील."

"सर कुठे आहेत?"

"रूटवर आहेत."

ट्रान्सपोर्टवाले सर नेहमी रूटवर असायचे. सकाळी फोन लावला की दुपारी दोननंतर करा, दोननंतर केला की उद्या सकाळी करा. तिकडे बेसाचे घरमालक रोज विचारायचे, "वहिनी, टोकन कधी देता? दुसरी पार्टी येऊन राहिली." ती दुसरी पार्टी मी कधी पाहिली नाही, पण तिनं माझी झोप बरीच उडवली.

दुसऱ्या खेपेला अर्धा दिवस रजा टाकून गेले आणि सर सापडले. माणूस नम्र. चहाही विचारला. म्हणाले, "आधी ॲडमिशन करून घ्या. त्या भागातली पोरं किती होतात त्यावर रूट बसते." मी म्हटलं, आणि पोरं कमी झाली तर? "मग नाही बसत." आणि भरलेली फी? ती परत होत नाही, फॉर्मवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय. बरं, फॉर्मला पत्त्याचा पुरावा हवा. मी विचारलं, तात्पुरता महालचा पत्ता देऊ का? सर म्हणाले, "मग रूट महालचाच पडेल न मॅडम."

म्हणजे बघा. बस कळल्याशिवाय मी घर घेऊ शकत नाही. घर घेतल्याशिवाय पत्ता नाही. पत्त्याशिवाय ॲडमिशन नाही आणि ॲडमिशनशिवाय बस कळणार नाही. घरी येऊन हे सासऱ्यांना सांगितलं तर ते पेपर बाजूला न करताच म्हणाले, "आमच्या वेळी पायी जात होते पोट्टे."

पत्त्याच्या पुराव्यावरून आठवलं. शाळेला साधा नोटरीचा करार चालत नव्हता, नोंदणी केलेला हवा होता. बेसाचे घरमालक म्हणाले, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागतच नाही. लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, म्हणजे फार नाही, आणि आता घरबसल्या ऑनलाइन होतं, अंगठे घ्यायला एजंट घरी येतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. दुसरी पार्टी मात्र त्यानंतर कधी आली नाही.

तिसऱ्या खेपेला माझा पारा चढला. मी लेखी अर्जच नेला. स्कूल बसबद्दलचे राज्याचे नियम २०११चे आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, शिवाय पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, आरटीओचा माणूस. अर्जात लिहिलं की समितीतल्या पालक प्रतिनिधीचा नंबर द्या. ताईंनी अर्ज दोनदा वाचला, आत जाऊन आल्या, आवकचा शिक्का मारून पोच दिली. त्या अर्जाला आजपर्यंत उत्तर नाही. पण ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, साडेबाराला गेटवर या न. गाडीवाल्यालेच विचारा."

पाच आठवडे! आणि हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला गेटबाहेर उभी राहिले. पिवळ्या बसेसची रांग, प्रत्येक दाराशी एक मावशी. तीन गाड्यांना विचारलं, चौथीवाले काका त्या बाजूचे निघाले.

"बेसाले जाते न गाडी. पण चौकापर्यंत. आत गल्लीत वळत नाही."

"पहिलं मूल कधी उचलता?"

"तिकडचंच पहिलं. सव्वासातले."

"आणि दुपारी?"

"दुपारी तिकडचंच शेवटचं. पावणेदोन होतातच. फाटकाकडे गर्दी असली तर दोन."

चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा निर्णय सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला तेव्हा मी खूश झाले होते. लेकरं झोपतील म्हणून. नऊच्या शाळेसाठी सव्वासातला चौकात उभं राहायचं असेल तर कुठली झोप? आणि दुपारचं तर मला ऐकवेचना. साडेबाराला सुटलेलं चार वर्षांचं लेकरू एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या गाडीत, सव्वा तास. आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, जूनच्या अखेरीकडे, पण मार्च-एप्रिल काही कोणी कापून ठेवत नाही.

दाभ्याच्या गाडीवर बसलेल्या मावशी म्हणाल्या, "पंचवीस मिनिटं लागतात. तिकडून आमची गाडी आधी मोकळी होते."

संपलं. पाच आठवड्यांचा घोळ दोन मिनिटांत सुटला. घरी जाताना मी रामनगरला थांबून एकटीनं तर्री-पोहे खाल्ले.

नवरा दोन दिवस गप्प होता. त्याला आता मिहानला रोज शहर ओलांडून जावं लागतं, ते खरंच आहे, आणि त्याबद्दल मला अधूनमधून ऐकावं लागतं. बेसा वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची शाळाच वर्धा रोडला आहे, त्यांनी डोळे मिटून तिकडे जावं, एम्सही जवळ पडतं. पाण्याचं मात्र नीट विचारा. तो भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, आणि आम्ही पाहिलेल्या इमारतीत बोअरवेलच होती. बोअरचं पाणी कसं आहे हे ओळखायची एक खूण सांगते, शेजाऱ्यांच्या कूलरच्या पॅडवर पांढरा थर बसलाय का पाहा. उन्हाळ्यात कूलर रोज किती पाणी पितो हे नागपूरकराला सांगायला नको.

दाभ्यालाही मी नाल्याचं विचारलंच. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटेनंतर, अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं त्यानंतर, नागपुरात तळमजला घेताना हा प्रश्न कोणी टाळत नाही. आम्ही दुसरा मजला घेतला.

अजून एक. बसचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. मी गेटवर उभ्याउभ्याच चार गाड्यांचे नंबर टाकले. एकीचा फिटनेस संपायला आठ दिवस होते, ते काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "माहीत आहे मॅडम, नंबर लागला आहे."

दाभ्याला झोके नाहीत. डास आहेत, गल्लीत कुत्री आहेत, गच्चीवर माकडं येतात. रविवारी गोरेवाड्याला सफारीला नेलं तर लेक बिबट्यापेक्षा तिथल्या बसवर जास्त खूश झाली. रोज बाराच्या सुमारास आई येते, धाकट्याला झोपवते, आणि पाचच मिनिटं इकडेतिकडे, एक वाजायच्या आत खाली बस थांबते.

शाळेचा मेसेज जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. "आपल्या पाल्याचा बस रूट लवकरच निश्चित करण्यात येईल. कृपया कार्यालयात चौकशी करू नये." तेव्हा लेक बसमधून उतरून जिना चढत होती.