घरात पिढ्यान्‌पिढ्या घोळणा फुटत असेल, तर छाती तपासून घ्या

एप्रिल-मे महिन्यात कोकणात कुणाचा घोळणा फुटला की उपाय ठरलेले. डोक्यावर गार पाणी, कोकम सरबत, दूर्वांचा रस. उष्णता झाली म्हणायचं आणि विषय संपला. बहुतेक पोरांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण आजी, बाबा, आत्या आणि आता नातू, सगळ्यांच्याच नाकातून वरचेवर रक्त येत असेल, ऐन श्रावणातही येत असेल, तर उष्णतेला बोल लावू नका. ओठ, जीभ आणि बोटांची टोकं उजेडात धरून बघा. टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके असतील, दाबल्यावर फिके पडून सोडल्यावर परत लाल होत असतील, तर डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा.

या आजाराचं नाव हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, थोडक्यात एचएचटी. साधारण 5000 माणसांत एकाला असतो. मुळाशी बहुधा एंडोग्लिन किंवा एएलके-1 या प्रथिनाच्या जनुकातला बिघाड असतो. पहिलं जनुक 1994 मध्ये सापडलं, दुसरं 1996 मध्ये. क्वचित बिघाड एसएमएडी-4 या जनुकात असतो, आणि तेव्हा आतड्यातल्या गाठींकडेही लक्ष ठेवावं लागतं. रक्तवाहिनीच्या अस्तराला ‘आता वाढ थांबव’ हा निरोप पोचवणं हे या प्रथिनांचं काम. निरोप अर्धवट पोचला की धमनी आणि शीर मधल्या केशवाहिन्यांशिवाय थेट एकमेकींना जोडल्या जातात. आई किंवा वडील, कुणा एकाला असला तरी प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता 50 टक्के, मग मुलगा असो वा मुलगी.

नाकातलं रक्त दिसतं, म्हणून त्याचीच काळजी होते. खरा धोका फुप्फुसात दडलेला असतो. नारळाचं दूध आपण फडक्यातून गाळतो, तसं शरीरभरातून परत आलेलं रक्त फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून गाळलं जातं. बारीक गुठळ्या, हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू, हवेचे बुडबुडे तिथे अडकतात. थेट जोडणी म्हणजे फडक्याला पडलेलं भोक. त्यातून निसटलेली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात, जंतू गेले की मेंदूत पू. माणसाला दम लागत नसतो, ऑक्सिमीटरवर आकडाही नॉर्मल दिसू शकतो, म्हणून ‘मला काही होत नाही’ यावर विसंबू नये. तरुण माणसाला पक्षाघात झाला किंवा मेंदूत पू सापडला, तर घोळण्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तपासणी सोपी आहे. तिला बबल एको म्हणतात; एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुमारे 9 मिली सलाइन आणि अर्धा-एक मिली हवा दोन सिरिंजमध्ये घुसळून हाताच्या शिरेत सोडतात आणि एकोवर हृदय बघतात. बुडबुडे उजव्या बाजूलाच विरले तर ठीक. तीन ते आठ ठोक्यांनी डावीकडे दिसले तर वाट फुप्फुसातून आहे. त्याआधीच दिसले तर हृदयाच्या पडद्यातल्या छिद्राचा संशय. मग छातीचा पातळ कापांचा सीटी. पुरवठा करणारी धमनी 2-3 मिमी किंवा जास्त असेल तर जांघेतून नळी घालून कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) किंवा प्लगने (बुचाने) ती बंद करतात. इथे एक चूक वारंवार होते: कॉइल बसली म्हणजे सुटलो, असं समजून पुढचा सीटी राहतो. बंद केलेली वाट पुन्हा उघडू शकते, बारीक वाटा मोठ्या होऊ शकतात. सहा महिने ते वर्षभरात एक सीटी, पुढे दर तीन ते पाच वर्षांनी. मेंदूतही अशा जोडण्या असू शकतात, म्हणून एकदा एमआरआय करून घ्यावा.

फुप्फुसात जोडणी आहे असं कळलं, की उपचारानंतरही काही पथ्यं जन्मभराची. दात काढताना किंवा हिरड्यांचं काम करताना आधी अँटिबायोटिक. प्रौढांना सहसा अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, 30 ते 60 मिनिटं आधी, पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास दुसरं. हे दंतवैद्यांना आपणहून सांगावं लागतं. सलाइन लावताना नळीत हवा राहू देऊ नका. आणि तारकर्ली-मालवणचं स्कूबा डायव्हिंग नाही. वर येताना रक्तात तयार होणारे बुडबुडे गाळायला फुप्फुस हवं असतं. दिवस राहण्याआधी छाती तपासलेली बरी, कारण गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत या जोडण्या फुटू शकतात. खोकल्यातून रक्त आलं तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

लोहाची कमतरता हलकी समजू नका. या रुग्णांत लोह कमी झालं की पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसतो, तेव्हा हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) मोजा. घोळणा फुटल्यावर मान मागे टाकू नका; पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं न सोडता दाबा. एरवी नाक सलाइनने ओलं ठेवा.

गणपतीला चाकरमानी गावी येतात, तेव्हा एक वही घेऊन बसा. कुणाचा घोळणा फुटायचा, कोण कमी वयात पक्षाघाताने गेलं, सारं लिहा. जनुक चाचणी ज्याची लक्षणं सर्वांत स्पष्ट आहेत त्याच्यापासून सुरू करा. त्याच्यात बदल सापडला की बाकीच्यांना तेवढाच एक बदल तपासायचा असतो, आणि ज्यांच्यात तो नाही त्यांना एको, सीटी, एमआरआय काहीच लागत नाही.