आमची वाटचाल : दिवाळीनंतरचं गॅरेज

सोलापुरात टू-व्हीलर गॅरेजवाल्याला धंदा मिळतो तो दोन वेळेला, एक पाऊस लागायच्या आधी आणि एक दसरा-दिवाळीला. दसऱ्याला गाडीला हार घालायचा म्हणून जो तो सर्व्हिसिंग करून घेतो, आणि लक्ष्मीपूजन झालं की मग पार उन्हाळा लागेपर्यंत गॅरेज थंड. आम्ही २०११ ला अशोक चौकाच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकून सुरुवात केली, मी आणि माझा मेव्हणा, तेव्हा ह्या थंड महिन्यांचं भाडं कुठून काढायचं हाच प्रश्न होता. गिऱ्हाईक यायचं नाही पण फोन मात्र यायचे, ते पण सकाळी साडेसहा-सातला. "मालक, गाडी चालू होईना ओ, शिफ्टला जायचंय."

ह्या फोनांची गंमत काय, तर तीच गाडी दहा-साडेदहाला गॅरेजला यायची तेव्हा एका सेल्फमध्ये चालू. ऊन लागलेलं असायचं, ऑईल पातळ झालेलं, बॅटरी जरा गरम झालेली, फॉल्ट सापडणार कुठून. आम्ही प्लग साफ करून द्यायचो, तो माणूस पैसे देऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. मेव्हणा म्हणाला, अरे रोग सकाळचा हाय, आपण दुपारी कशाला बघतोय? तिथून आमचं घरी जाऊन गाडी बघणं सुरू झालं. मागच्या सीटला एक पिशवी बांधायची, त्यात पाने, प्लग पाना, मल्टीमीटर, हवेचं गेज, ब्रश, ऑईलचा डबा, आणि सकाळी सहाला बाहेर पडायचं, आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीकडची घरं, मग विडी घरकुल, मग सात रस्ता. गॅरेजचं शटर नंतर उघडायचं.

आता आपल्याकडे थंडी म्हणजे काय, बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री बारा-पंधरा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. एवढ्याने गाडी बिघडायला नको असं कुणालाही वाटेल. पण घरोघरी मीटर लावून बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली, ती मी आजपण प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो, की सोलापूरची बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशात गाडी दिवसभर उन्हात उभी, त्या उष्णतेने आतल्या प्लेटा खराब होतात, पाण्याची बॅटरी असेल तर पाणी उडतं, पण गरमीत इंजिन सहज फिरतं म्हणून ती कमजोर बॅटरीपण काम चालवून नेते. थंडी पडली की ऑईल जाड होतं, सेल्फला जास्त जोर लागतो आणि बॅटरीच्या आतलं रसायन मात्र सुस्तावतं, मग टक-टक आवाज येऊन बसते जागेवर.

म्हणून घरी दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण एक साधा मल्टीमीटर घ्या, तीन-चारशेत मिळतो. रात्री गाडी लावली, सकाळी चावी न लावता बॅटरीच्या दोन टोकांना लावून बघा. १२.६ व्होल्टच्या वर दाखवतंय म्हणजे फुल आहे, १२.४ च्या खाली गेलं की चार्जिंग पाहिजे, १२ च्या जवळ आलं तर ती जवळपास रिकामीच. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत रहा, दहाच्या खाली धपकन पडला तर बॅटरीचं आयुष्य संपत आलंय, गाडीत दुसरं काही शोधत बसू नका. गाडी चालू करून जरा रेस दिली की साडेतेरा ते साडेचौदा दिसायला पाहिजे, ते दिसलं नाही तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे, तेव्हा मेकॅनिककडे या. बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा आणि बसवताना मायनस शेवटी. टर्मिनलला पांढरी भुकटी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करून व्हॅसलिन लावायचं. आणि चारचाकीच्या चार्जरला ही बॅटरी लावू नका, चार-पाच अँपिअर-अवरची छोटी बॅटरी असते, तिला अर्धा अँपिअर पुरतो, घाईघाईत मोठ्या चार्जरवर टाकलेल्या कितीतरी बॅटऱ्या फुगून आमच्याकडे आल्यात.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा कडक नियम, आला आणि आमच्या धंद्याला खरं वळण लागलं. कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, आम्हाला स्कॅनर घ्यावा लागला आणि तो स्वस्त नव्हता. चोक ओढायचा, दोन किक मारायच्या, हे सगळं नव्या गाडीत नाही, बऱ्याच गाड्यांना आता किकच नाही. ढकलून चालू करू म्हणाल तर पंपाला आणि कंट्रोलरला थोडं तरी व्होल्टेज लागतंच. म्हणजे जुन्या गाडीला बॅटरी संपली तरी माणूस ऑफिसला पोचायचा, नव्या गाडीचं सगळं बॅटरीवर. त्याच वर्षी लॉकडाऊन, गाड्या महिनोन्‌महिने दारात उभ्या, गॅरेज बंद. लोक व्हिडिओ कॉल करायचे, आम्ही इकडून सांगायचो, हा बोल्ट सोडा, तो नको, आता मायनस काढा. माझी बायको तेव्हा फोन घ्यायची, वही ठेवायची, कुणाला काय सांगितलं ते लिहून ठेवायची. ती म्हणाली, लोकं घरी करायला लागलीत की, आपण हे नीट शिकवूया. मला भीती होती की सगळं शिकवलं तर आपल्याकडे येणार कोण. तिचं म्हणणं असं की ज्याला चेन साफ करता येते त्यालाच कळतं चेन स्प्रॉकेट, म्हणजे चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं, कधी बदलायचं, आणि तो ते बदलायला आपल्याकडेच येणार. तसंच झालं. उलट भांडणं कमी झाली, "मागच्या महिन्यात तर केलं होतं" म्हणणारं गिऱ्हाईक आता स्वतःच दाखवतं की दात किती झिजलेत.

मग नोव्हेंबर ते जानेवारी रविवारी सकाळी शेडसमोर वर्ग घ्यायला लागलो. खुर्च्या नाहीत, ज्याची त्याची गाडी डबल स्टँडवर आणि आम्ही मधे. सगळ्यात जास्त वेळ जातो चेनवर. आपल्याकडे हे तीन महिने पाऊस नाही, धूळ आहे. खोदलेले रस्ते, आणि कारखान्यांचा सीझन चालू म्हणून उसाच्या ट्रॉल्या, रस्त्यावर पाचट, माती. त्यात पहाटेचं दव. ह्या सगळ्याची चेनवर काळी पेस्ट बनते आणि ती पेस्ट पॉलिश पेपरचं काम करते. हाताला लावून बघा, दोन बोटांत चोळली की करकर लागते. ती दिसली की वरून तेल ओतून काही होत नाही, आतली माती आतच राहते. आधी डिझेल नाहीतर चेन क्लीनर आणि ब्रश, जुनं फडकं घेऊन पुसायचं, फडक्याला काळं लागायचं कमी झालं की मग ९० नंबरचं गिअर ऑईल नाहीतर चेन लूब, आतल्या बाजूने, थेंब थेंब, चाक हाताने फिरवत. पेट्रोलने धुवू नका, ओ-रिंगची चेन असेल तर रबर जातात, आणि पेट्रोल उघड्यावर वापरणं धोक्याचं. आणि गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन साफ करायची सवय असेल तर आजच्या आज सोडा, बोट जातं, मी हे डोळ्याने बघितलंय. चेन किती सैल ठेवायची ते प्रत्येक गाडीचं वेगळं, साधारण दोन ते तीन सेंटीमीटर वर-खाली, आकडा चेन कव्हरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो.

धुण्याचं पण आपल्या गावाचं वेगळं गणित आहे. नळाला रोज पाणी नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली भांडी भरायची का गाडी धुवायची. आणि बोअरचं पाणी मारलं तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, रिमवर, नटांवर, आणि तिथून गंज सुरू होतो. आम्ही शिकवतो अर्ध्या बादलीत. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडायची, मग ओलं फडकं वरून खाली, शेवटी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. प्रेशरने धुतलेल्या गाडीपेक्षा अशी पुसलेली गाडी जास्त टिकते असं माझं अनुभवाचं मत आहे, बेअरिंगात आणि वायरिंगच्या सॉकेटात पाणी शिरत नाही. एअर फिल्टर मात्र ह्या महिन्यांत सांगितलेल्या वेळेच्या आधीच बघा. फोमचा असेल तर धुता येतो, कागदाचा असेल तर धुवायचा नाही, हलक्या हाताने झटकायचा नाहीतर बदलायचा.

हवेचं एक सांगायचं राहिलं. दुपारी पंपावर भरलेली हवा सकाळी दोनेक पीएसआयने कमी असते, दिवस-रात्रीतला फरकच तेवढा आहे. म्हणून सकाळी, गाडी चालवायच्या आधी, स्वतःच्या गेजने बघायची.

आता पेट्रोल. आपला जिल्हाच साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉल काय असतं ते सोलापूरकराला सांगायला नको. २०% इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्याच्या हिशेबाने बनलेल्या आहेत, त्याआधीच्या गाड्यांचे रबरी पाईप आणि वॉशर मात्र बघत राहायला पाहिजेत. खरी अडचण उभ्या गाडीला येते, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी, रात्री गार, दुपारी गरम, आतल्या हवेतला दमटपणा पेट्रोलमध्ये उतरत जातो.

जुळे सोलापूरचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत, मुलगा पुण्याला आयटीत, त्याची जुनी कार्बोरेटरची गाडी जिन्याखाली उभी. चालूच होईना. मी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत पेट्रोल घेतलं आणि बाटली पायरीवर ठेवली. थोड्या वेळाने गुरुजींना म्हणलं बघा आता. वर पिवळसर पेट्रोल आणि तळाला बोटभर वेगळा थर, मधे स्पष्ट रेघ. गुरुजींनी बाटली उन्हात धरून बराच वेळ बघितलं, तिरकी केली, रेघ आडवीच राहिली. म्हणाले, "हे वर्गात दाखवायला पाहिजे होतं मी पोरांना." टाकी रिकामी करून नवीन पेट्रोल भरलं आणि तिसऱ्या किकला गाडी चालू. आता ते दर रविवारच्या वर्गाला येतात आणि हा भाग तेच समजावतात, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला.

अशा उभ्या गाड्यांचं काम आता आमच्या हिवाळ्याच्या धंद्याचा मोठा भाग आहे. पोरं पुण्या-हैदराबादला, गाडी सोलापुरात, आई-वडिलांना विकवत नाही. त्यांना आम्ही सांगतो की दोनेक महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी वरपर्यंत भरा, हवेला जागाच ठेवू नका. डबल स्टँडवर लावा, नाहीतर टायर एका जागी बसतो. बॅटरीचा मायनस काढून ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, त्यापेक्षा घरातली जुनी सोलापुरी चादर टाका, फक्त कोरड्या जागेत. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं कोंबा, उंदीर आणि गांधीलमाशी दोन्ही शिरतात, पण चालू करायच्या आधी काढायची आठवण म्हणून हँडलला दोरा बांधा. आणि दर रविवारी जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करायची जी पद्धत आहे ती बंद करा, त्याने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फने घेतलेलंपण भरून निघत नाही, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा घरात चालवणारं कुणी असेल तर गाडी अशी बांधून न ठेवता पंधरा दिवसांतून एकदा होटगी रोडला वीस मिनिटं चक्कर मारून आणा. बंद बोळात किंवा जिन्याखाली दार लावून गाडी कधी चालू ठेवायची नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला खेड्यातून लोक गाड्यांवर येतात, रात्री उशिरा परततात, आणि रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर मातीने भरलेला. म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही हेडलाईट, टेललाईट आणि ब्रेकलाईट फुकट बघून देतो, बल्बचे तेवढे पैसे. हे मेव्हण्याने सुरू केलं आणि दर वर्षी करायचंच असं आमच्यात ठरलेलं आहे, मग त्या आठवड्यात दुसरं काम मागे पडलं तरी चालेल.

आज शेडचं पक्कं दुकान झालंय, चार पोरं कामाला आहेत, त्यातली दोन रविवारच्या वर्गातूनच आली. बायको पार्ट्सचा काउंटर बघते, आणि तिने काढलेली घरच्या मेंटेनन्सची पिशवी, गेज, ब्रश, चेन लूब, मीटर, फडकी, ही दिवाळीनंतर सगळ्यात जास्त खपणारी वस्तू आहे. वॉरंटीतली गाडी आम्ही उघडत नाही, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या असं सरळ सांगतो. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम शिकायला मोठ्या पोराला पाठवलंय, पण ते अजून हातात बसायचंय, तोवर घेणार नाही.

ह्या वर्षीचा वर्ग तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होतोय, सकाळी सात वाजता. फी नाही. येताना गाडीचं मॅन्युअल सापडलं तर आणा, जुने कपडे घालून या. रात्रभर गार पडलेल्या गाडीच्या चोकची आणि सेल्फची खरी परिस्थिती दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याच दारात कशी बघायची ते इथे नीट सांगू. बायकांनी आपल्या स्कूटर घेऊन जरूर यावं, मागच्या वर्षी त्या थोड्याच होत्या, स्कूटरची बॅटरी कुठे असते हे पण बऱ्याच घरांत अजून माहीत नसतं.