घराखाली खाण आहे का? जुन्या टोपो नकाशांवरून शोधलं, माझा अनुभव

मी मूळचा चंद्रपूरचा, आता पेनसिल्व्हेनियात. काम पूर्ण रिमोट झालं तेव्हा बायको म्हणाली की शहरात एवढं भाडं कशाला भरायचं, म्हणून आम्ही स्कूकल काउंटीत घर बघायला लागलो (स्पेलिंग बघून मी वर्षभर स्कूलकिल म्हणत होतो, तिथले लोक हसायचे). पॉट्सव्हिल, शेनान्डोआ, अॅशलंड, फ्रॅकव्हिल हा सगळा अँथ्रासाइटचा पट्टा, म्हणजे एकदम कडक, चमकदार कोळसा. खाणी बहुतेक बंद झाल्या, माणसं निघून गेली आणि घरं इतकी स्वस्त की आमच्या तीन वर्षांच्या भाड्यात अख्खं घर येत होतं. एक आवडलं पण. गिरार्डव्हिल आणि फ्रॅकव्हिलच्या मधे, मागे अंगण, पुढे पोर्च, आणि अंगणामागे एक काळा डोंगर ज्यावर पांढऱ्या खोडांची बर्चची झाडं. फोटो आईला पाठवले.

आईचा लगेच फोन. "काऊन रे, घुग्घुसचं विसरला का?"

विसरलो नव्हतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात घुग्घुसला जुन्या खाणीवरचं एक घर अख्खंच्या अख्खं जमिनीत गेलं होतं, घरचे लोक वेळेवर बाहेर पळाले म्हणून वाचले. आणि इथे तर त्या घरापासून काही मैलांवर सेंट्रेलिया, जिथे १९६२ पासून जमिनीखाली कोळसा जळतोय आणि गावच रिकामं करावं लागलं. एजंटला विचारलं तर तो म्हणे काही प्रॉब्लेम नाही, सगळीकडे असंच आहे. सगळीकडे असंच आहे हे ऐकून कोणाला धीर येतो मला माहीत नाही.

म्हणून जुने नकाशे काढायला बसलो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने म्हणजे यूएसजीएसने १८८४ ते २००६ पर्यंतचे त्यांचे सगळे टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे, स्कॅन करून टोपोव्ह्यू नावाच्या साइटवर फुकट ठेवलेत. आपल्याकडे टोपोशीट म्हणजे भूगोलाच्या पेपरात समोच्च रेषा मोजायच्या तेवढाच संबंध, त्यामुळे फुकट डाउनलोड बघूनच मी खूश झालो आणि एका रात्रीत काउंटीचं नाव टाकून जे दिसेल ते उतरवलं. ही पहिली चूक. नकाशे काउंटीप्रमाणे नसतातच, अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांप्रमाणे असतात आणि शीटला नाव त्यातल्या एखाद्या गावाचं देतात. फ्रॅकव्हिल शेनान्डोआ शीटवर, गिरार्डव्हिल अॅशलंड शीटवर, आणि आमचं घर शिवेजवळ, म्हणजे दोन्ही शीट लागणार, आणि प्रत्येकाच्या जेवढ्या आवृत्त्या तेवढ्या सगळ्या. बाकीचे ढीगभर डिलीट केले.

दुसरा घोळ तारखांचा. एकाच शीटवर तीन-तीन वर्षं लिहिलेली असतात, मोजणी कधी, आवृत्ती कधी, छपाई कधी. मी आधी छपाईचं वर्ष धरून चाललो होतो आणि मला कळेना की या वर्षी इथे रेल्वे कशी काय, ती तर तोपर्यंत गेली असणार. मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली, मोजणी खूप आधीची होती, नुसतं पुन्हा छापलं होतं. काही आवृत्त्यांत जांभळा रंग दिसतो, तो म्हणजे नंतर विमानातून घेतलेल्या फोटोंवरून घातलेली दुरुस्ती, आणि खाली स्वच्छ लिहिलेलं असतं की हे जागेवर जाऊन तपासलेलं नाही. आमच्या घरामागे जांभळा रंग होता. बराच होता.

पण खरी मजा आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या शीटवर. स्केल १:६२,५००, म्हणजे एक इंच म्हणजे जवळपास एक मैल. काळ्या रंगात रस्ते, रेल्वे, घरं, तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, बस. घरं म्हणजे मुंगीएवढे काळे चौकोन. एका ठिकाणी रेल्वेची बारीक फाटा-लाइन डोंगराच्या अंगाला जाते आणि तिथेच संपते, पुढे गाव नाही, काही नाही. अर्धा तास बघत बसलो तेव्हा डोक्यात शिरलं की रेल्वे उगाच डोंगरात जाऊन थांबत नाही, तिथे कोलियरी म्हणजे कोळशाची खाण असणार, आणि शेजारी सरळ रेषेत जे चौकोन ते खाणकामगारांची वस्ती. अशा कंपनीच्या वस्तीला तिकडे पॅच म्हणतात. पुढच्या आवृत्तीत तो पॅच निम्मा, त्याच्या पुढच्यात नाहीच, आणि त्या जागेवर समोच्च रेषांना आतल्या बाजूने बारीक दाते आलेले. दाते म्हणजे खड्डा. जमीन जिथे चढती होती तिथे लांबच लांब खड्डा, डोंगराला समांतर, कारण तिथले कोळशाचे थर आडवे नाहीत, घडी पडून तिरके उभे राहिलेत, आणि जिथे थर वर डोकावतो तिथून ओपनकास्टवाले, म्हणजे बोगदा न पाडता वरूनच उघडं खणणारे, पट्टाच्या पट्टा खणत गेले. अंगणामागचा काळा डोंगर मात्र जुन्या शीटवर नव्हताच. तो डोंगर नव्हे, खाणीतून काढून टाकलेला कचरा! बर्च तिथे आपोआप उगवलेली.

एक नकाशा बघून काही कळत नाही हो, चार पाच एकावर एक ठेवले की जमीन काय काय भोगून आलीये ते दिसतं.

एकावर एक ठेवायला मी क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर वापरलं, तेही फुकट आहे. घाईत जेपीजी उतरवला होता, चार कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश हाताने टाकून आजच्या सॅटेलाइट फोटोवर बसवला आणि त्या खड्ड्याची कड बरोब्बर स्वयंपाकघराखाली आली. बायकोला झोपेतून उठवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तो खड्ड्याचा नकाशा १९२७ च्या नॅड नावाच्या मोजमापावर आहे, आणि आजच्या जीपीएसचे आकडे समजून टाकले तर तिकडच्या भागात सगळं पंचवीस-तीस मीटर सरकतं. जिओटिफ, म्हणजे ज्या फाइलमध्येच नकाशाची जागा नोंदलेली असते, उतरवून परत बसवलं तर कड गॅरेजच्या मागे गेली. पण मग मी हेही वाचलं की नंतरच्या, जास्त बारकाईच्या १:२४,००० च्या नकाशात नेमक्या दिसणाऱ्या बहुतेक खुणासुद्धा चाळीस फुटांपर्यंत इकडेतिकडे असू शकतात, तेवढी सूट नियमातच धरलेली आहे. आमचा प्लॉट पन्नास फूट रुंद. म्हणजे मी जी कड मोजत बसलो होतो ती प्लॉटपेक्षाही जाड.

शिवाय टोपो नकाशा फक्त वरचं दाखवतो. खाणीचं तोंड दाखवेल, बोगद्याचं चिन्ह दाखवेल, पण आत बोगदे कुठवर गेलेत ते नाही. त्याला खाणींचे वेगळे नकाशे लागतात, ते पेनसिल्व्हेनिया राज्याने माइन मॅप अॅटलासमध्ये ऑनलाइन ठेवलेत. त्यात आमच्या घराजवळून बोगदे गेलेले स्पष्ट दिसले. आणि तेही सगळं नाही, हे सांगितलं शेजारच्या आजोबांनी. आम्ही परत घर बघायला गेलो तेव्हा ते कुंपणापाशी उभे होते, मी लॅपटॉप उघडून दाखवला तर चष्मा सारून म्हणाले, हे कंपनीचं झालं, पण मंदीत १९३० च्या दशकात काम गेलेल्या माणसांनी रात्री लपून स्वतःची भोकं पाडली, बूटलेग होल, त्यांचा नकाशा कोण काढणार? मग त्या बर्चकडे हात करून म्हणाले तिकडे कुत्रा सोडू नका. खालून ओढा वाहतो, नकाशावर निळा आहे, प्रत्यक्षात खाणीच्या पाण्याने नारिंगी.

ते घर सोडलं. एजंटने नंतर फोन उचलला नाही.

दोन महिन्यांनी फ्रॅकव्हिलच्या अंगाला दुसरं मिळालं, जरा महाग. तिथे जुन्या शीटपासून नव्यापर्यंत समोच्च रेषा हललेल्याच नाहीत, रेल्वे लांबून जाते, दाते कुठेच नाहीत, अॅटलासमध्येही थेट खाली काही आलं नाही. तरी विमा काढला. घराच्या नेहमीच्या विम्यात खाण खचून झालेलं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी राज्याचा वेगळा विमा आहे, १९६१ पासून चालू आहे, अर्ज ऑनलाइन होतो, फार कटकट नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर सगळे नकाशे दाखवायला लागलो, जुना, नवा, जांभळा, दात्यांचा. तिने दोन मिनिटं बघितलं.

"विमा काढला ना? मग आता मले खालचं काही दाखवू नको, किचन दाखव."