अकरा व्होल्ट

नाशिकच्या अंबडला एका प्रेसवाल्या कंपनीतून रात्री साडेदहाला फोन, काउंटर जादा पीस मोजतोय. पेटीत ९६० आणि स्क्रीनवर हजाराच्या वर. शिफ्ट इनचार्ज म्हणाला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, गेला, बदलून टाका. यांना काहीही झालं की पीएलसीच गेलेला असतो.

पॅनल उघडलं तर काउंटच्या इनपुटचा एलईडी मंद पेटलेला, धड चालू नाही धड बंद नाही. तिथंच कळलं. प्रॉक्ससमोर, म्हणजे पीस ओळखणाऱ्या सेन्सरसमोर, पीस नसताना वायरवर शून्य व्होल्टच्या आसपास पाहिजे, मीटर ११ दाखवतोय. २४ व्होल्टच्या इनपुटला ५ च्या खाली शून्य, १५ च्या वर एक, मधल्या पट्ट्यात पीएलसीचं इनपुट कार्ड काय वाचेल याची गॅरंटी कोणी देत नाही. प्रेसचा ठोका बसला की वाचन इकडंतिकडं, आणि काउंट वाढला.

वायरी जोडलेला जंक्शन बॉक्स शोधण्यातच दीड तास गेला, ड्रॉइंगमध्ये तो भलतीकडंच. झाकण काढलं तर आत कूलंट साचलेलं, ग्लँड, म्हणजे केबल आत येते तिथली आवळायची चकती, कुणीतरी नुसती हाताने फिरवून सोडलेली, आणि त्या ओलीतून प्लस २४ शेजारच्या सिग्नलच्या टर्मिनलला लीक होत होता. पुसलं, हीट गन मारली, टर्मिनल बदलले, ग्लँड पान्याने आवळली. लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम, बघतो तर आधीच्या माणसाने टायमर टाकून हेच दुखणं झाकलेलं! असल्या प्रोग्रामिंगची मला चीड येते.

सोबतचा आयटीआयचा पोरगा म्हणाला, "सर, ५ ते १५ एवढी जागा फुकट का घालवायची? मधे तिसरी लेव्हल ठेवली तर एका वायरीत जास्त माहिती जाईल ना?" मी म्हटलं, अरे असंच असतं, टॉर्च नीट धर.

त्र्यंबक रोडने घरी येताना मलाच लाज वाटली, कारण प्रश्न खुळा नव्हता. मॉस्को विद्यापीठात १९५८ साली सेतुन नावाचा तीन लेव्हलचा कॉम्प्युटर खरंच बनला होता आणि चाललाही. पण ती मोकळी जागा असते म्हणून तर थोडा नॉईज आला तरी शून्य शून्यच राहतो, आणि सर्किटमधलं पुढचं प्रत्येक गेट, म्हणजे शून्य-एक ठरवणारा छोटा भाग, मळलेला सिग्नल परत स्वच्छ करून पुढे देतं. तेवढ्याच व्होल्टात लेव्हल वाढवल्या की फट बारीक होणार. शिवाय ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असला की कमी तापतो, मधेच लटकवला की तापतो.

दुसऱ्या दिवशी चहावर हे सगळं सांगितलं. पोरगा म्हणे, "मग एसएसडीत, कॉम्प्युटरच्या साठवणीच्या चिपमध्ये, एका सेलमध्ये आठ-आठ, सोळा-सोळा लेव्हल कशा बसवतात?"

बसवतात खऱ्या, पण तिथं वाचायला-लिहायला वेळ जास्त लागतो, सेल लवकर झिजतात आणि चुका दुरुस्त करायला वेगळं सर्किट लागतं. साठवायला ते परवडतं, सेकंदाला अब्जावधी वेळा हिशोब करायला नाही परवडत. एवढं बोललो तरी त्याचं तोंड पटल्यासारखं दिसेना.

तो टायमर अजून तसाच आहे. काढू का विचारलं तर इनचार्ज म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नका.