चेहरा नवा, बाँड तोच

जेम्स बाँडच्या भूमिकेत शॉन कॉनरीच्या जागी १९६९ साली जॉर्ज लेझनबी आला, तेव्हा सुरुवातीच्याच मारामारीनंतर त्याने वाचवलेली तरुणी त्याला सोडून निघून जाते आणि 'त्या दुसऱ्या गड्यावर ही वेळ कधी आली नव्हती' अशा अर्थाचे वाक्य तो जवळजवळ प्रेक्षकांकडे पाहत टाकतो. नटबदलाची ही उघड कबुली मला आजही धाडसी वाटते. लेझनबी एकाच चित्रपटानंतर बाजूला झाला. पण त्यात मारल्या गेलेल्या बाँडच्या पत्नीच्या थडग्यावर १९८१ साली रॉजर मूर फुले ठेवतो, तेव्हा चेहरा वेगळा असूनही दुःख त्याच माणसाचे आहे, हे आपण निमूटपणे मान्य करतो.

प्रेक्षक कंटाळतो तो नव्या चेहऱ्याला नव्हे, असे माझे मत आहे. १९८५ साली ५७ वर्षांचा मूर तीच मिश्किल भुवई उंचावत होता आणि २००२ साली पिअर्स ब्रॉस्नन तर चक्क अदृश्य होणारी मोटार चालवत होता. तिकीटबारीवर तो चित्रपट चालला, हे खरे. तरीही २००६ साली निर्मात्यांनी डॅनियल क्रेगला घेऊन बाँडला पुन्हा नवशिका केले, म्हणजे ठार मारण्याचा परवाना नुकताच मिळालेला, चुका करणारा आणि मार खाणारा. क्रेगच्या सोनेरी केसांवरून आधी केवढा गहजब झाला होता!