आधी दुसरा, मग पहिला

१९९६ च्या नाताळच्या सुट्टीत न्यू जर्सीहून आलेला माझा आतेभाऊ परत जाताना मिरजेच्या आमच्या घरी तीन वस्तू विसरून गेला, अशी घरात समजूत होती. दाढीच्या फेसाचा अर्धा डबा, एक लोकरी टोपी आणि एक कॅसेट. त्यांपैकी पहिल्या दोन वस्तू तो खरोखरच विसरला होता. कॅसेट मात्र त्याने टाकून दिली होती, हे कळायला मला सात-आठ वर्षे लागली.

कॅसेटच्या वेष्टनावर एका तरुण कृष्णवर्णीयाचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यातूनच उगवल्यासारख्या दिसणाऱ्या विटांच्या इमारती होत्या. गायकाचे नाव नॅस आणि अल्बमचे नाव 'इट वॉज रिटन'. आजी ओटीवर मटार सोलत बसली होती. तिने ते वेष्टन हातात घेऊन निरखले आणि यावर काय लिहिले आहे, असे विचारले. आतेभावाचे मराठी शनिवार-रविवारपुरते होते, त्याने शब्द जुळवत सांगितले, "आजी, म्हणजे, ते लिहिलेलं होतं." "कुणी लिहिलेलं?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. "सटवाईनं रे, दुसरं कोण लिहिणार," असे म्हणून आजीने पुढची शेंग उचलली. घरातल्या प्रत्येक बाळंतपणात पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या बाईला ही शंका पडण्याचे कारणच नव्हते. त्या नावाचा याहून नेमका अनुवाद मी अद्याप ऐकलेला नाही.

तो गेल्यावर मी ती कॅसेट ऐकू लागलो. तेव्हा मी दहावीत होतो. रॅप म्हणजे भरधाव बोलणे, एवढेच मला ठाऊक होते आणि त्या बोलण्यातले दहा शब्दांमागे दोन कळत होते. घरातल्या जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोशात उरलेले आठ सापडत नसत आणि जे सापडत ते वडिलांना विचारता येण्याजोगे नसत. तरीही धरून ठेवणारे काहीतरी होते. सुरुवातीला एका मळ्यावरच्या गुलामांच्या बंडाचा छोटा नाट्यप्रवेश होता. त्यानंतर एकदम अलगद गिटार सुरू होई. ती स्टिंग या ब्रिटिश गायकाच्या १९९३ च्या एका गाण्यातून उचललेली होती, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र ती मला या माणसाचीच वाटली आणि आजही स्टिंगचे मूळ गाणे कानावर पडले की ते उसने घेतलेले वाटते. दुसऱ्या एका गाण्यात, जग माझ्या हाती आले तर काय करीन, अशी कल्पना होती आणि त्याचे पालुपद एक बाई अशा काही आवाजात म्हणत होती की तेवढे तरी आजीसमोर मोठ्याने लावता येत असे. ती लॉरिन हिल होती.

पण त्या कॅसेटने मला खऱ्या अर्थाने पकडले ते मराठीच्या निबंधामुळे. आत्मवृत्त हा प्रकार ज्याने शाळेत लिहिला नाही, असा मराठी माणूस विरळा. फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, पडक्या किल्ल्याचे आत्मवृत्त, मी छत्री बोलते आहे. त्या वर्षी आमच्या सरांनी ओळीने चार आत्मवृत्ते लिहून घेतली होती आणि त्यांचा ठरलेला साचा आमच्या अंगवळणी पडला होता: वस्तूचा जन्म, वैभवाचे दिवस, पडता काळ आणि शेवटी "मुलांनो, मला जपा" असे एक आर्जव. त्या सुमारास कॅसेटवरच्या एका गाण्यात हा गायक 'मी' म्हणून जे सांगतो आहे ते त्याचे स्वतःचे नाही, असा मला संशय येऊ लागला. हा कोण, ज्याला लोक लपवून ठेवतात, कमरेला खोचतात, ज्याच्या तोंडातून धूर निघतो? कॅसेट मागेपुढे करत चौथ्या-पाचव्या वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोलणारी वस्तू पिस्तूल होती.

'आय गेव्ह यू पॉवर' हे ते गाणे. डीजे प्रीमियर या निर्मात्याने त्याला दिलेले संगीत जड पावलांचे आणि उदास आहे. ते पिस्तूल आपल्या हातून झालेल्या हत्यांना विटले आहे. अंधारात पडल्यापडल्या त्याला पावलांचे आवाज ऐकू येतात आणि आता पुन्हा आपल्याला बाहेर काढणार, हे ते ओळखते. मग ते एक निश्चय करते. मालक समोरच्या माणसावर चाप ओढेल तेव्हा आपण उडायचे नाही. तसेच होते. मालक चाप दाबतो, पिस्तूल अडून बसते आणि तेवढ्या वेळात समोरचा गोळी झाडतो. मालक कोसळतो. पिस्तूल जमिनीवर पडते, त्याला क्षणभर सुटल्यासारखे वाटते आणि कोणाचा तरी हात त्याला उचलून घेतो. गाणे संपते.

"मला जपा" असे ते म्हणत नाही, "मला मोडून टाका" असेही म्हणत नाही. पुढच्या चाचणीत मी या गाण्यावर बेतून तलवारीचे आत्मवृत्त लिहिले, तिला ऐन लढाईत म्यानात अडकवून ठेवले आणि शेवटचे आर्जव गाळले. शेवट अपुरा राहिला, असा शेरा मारून सरांनी दोन गुण कापले. हे गाणे लिहिणाऱ्याने आठवीनंतरच शाळा सोडली होती, हे मला तेव्हा ठाऊक असते तर त्या दोन गुणांचे दुःख थोडे हलके झाले असते.

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर, संगीतातले पुष्कळ कळणारे दोन खोली-सोबती मला मिळाले. मी कौतुकाने या कॅसेटचा विषय काढला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "दुसरा? अरे, तो तर विकला गेला," एक म्हणाला. अल्बम विकला गेला की माणूस, हे त्या वाक्यातून स्पष्ट होत नव्हते आणि त्याला बहुधा दोन्ही म्हणायचे होते. मग मला पहिला अल्बम ऐकवण्यात आला. नुसता ऐकवण्यात आला असे नव्हे, खोलीतला दिवा मालवून ऐकवण्यात आला.

पहिला अल्बम म्हणजे 'इलमॅटिक', एप्रिल १९९४ चा. नॅस, म्हणजे नासिर जोन्स, तेव्हा २० वर्षांचा होता. वडील ओलू दारा हे जॅझ वादक, आई टपाल खात्यात नोकरीला. पुरती चाळीस मिनिटेही न भरणारा हा अल्बम आहे, दहाच तुकड्यांचा, आणि त्यातल्या एका गाण्याच्या शेवटी वडिलांचे कॉर्नेट वाजते. 'द सोर्स' या मासिकाने त्याला पाचपैकी पाच माइक दिले, जे त्या काळी क्वचितच कोणाला मिळत. जाणकारांनी डोक्यावर घेतले. पण बाजारात येण्याआधीच चोरट्या प्रती फिरल्या होत्या, अमेरिकेच्या खपाच्या यादीत तो बाराव्या क्रमांकावर आला आणि पाच लाखांचा टप्पा गाठायला त्याला जानेवारी १९९६ उजाडावा लागला. कौतुकाने पोट भरत नाही, हे सांगायला अमेरिकेत जन्मावे लागत नाही.

मग नॅसने व्यवस्थापक म्हणून स्टीव्ह स्टाउट यांना जवळ केले, लोकप्रिय चाली बांधण्यात हातखंडा असलेल्या ट्रॅकमास्टर्स या जोडीकडे बरीचशी गाणी सोपवली, स्वतःला एस्कोबार असे नवे नाव घेतले आणि २ जुलै १९९६ रोजी दुसरा अल्बम आणला. तो थेट पहिल्या क्रमांकावर आला, चार आठवडे तिथेच राहिला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. लॉरिन हिलच्या त्या गाण्याची कल्पना कर्टिस ब्लो यांच्या १९८५ च्या गाण्यावरून घेतलेली होती आणि 'स्ट्रीट ड्रीम्स'चे पालुपद युरिथमिक्सच्या एका गाजलेल्या गाण्यावरून. गंमत अशी की लॉरिन हिल ज्या फ्यूजीज गटात होती त्यांचाही दुसराच अल्बम त्या वर्षी फेब्रुवारीत येऊन तुफान खपला होता. पण त्यांचा पहिला अल्बम कोणी देव्हाऱ्यात ठेवलेला नसल्यामुळे त्यांच्यावर घसरल्याचा आरोप कोणी केला नाही.

खोली-सोबत्यांचे म्हणणे सगळेच खोटे होते, असे मी म्हणणार नाही. 'स्ट्रीट ड्रीम्स'चे पालुपद मला आजही उसन्या कोटासारखे वाटते, खांद्यावर बसते पण बाहीत आखूड पडते. कॅलिफोर्नियाच्या डॉक्टर ड्रे यांनी बांधलेले गाणे, अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपर्सच्या त्या भांडणाच्या काळात न्यूयॉर्कने कॅलिफोर्नियाशी केलेले हस्तांदोलन म्हणून मोलाचे असेल, गाणे म्हणून ते मिळमिळीत आहे. आणि 'इलमॅटिक' ऐकून मी गप्प झालो होतो, हेही खरे. त्यात एक मुलगा खिडकीत बसून जे दिसते ते सांगतो आहे आणि आपले कोणी ऐकत असेल, याची त्याला कल्पनाच नाही. असे लिहायला सबंध वीस वर्षे मिळतात. दुसऱ्या खेपेला दोनच वर्षे मिळतात आणि खिडकीखाली गर्दी जमलेली असते. त्या गर्दीसमोर आपल्याला कोणी पाहत नाही, अशी बतावणी करणे त्याला शक्य होते आणि भक्तांना तेच हवे होते. त्याने त्याऐवजी सूट घातला. पण बंदुकीचे आत्मवृत्त त्याच सूटवाल्याने लिहिले आहे. पहिल्या अल्बममध्ये 'मी' हा नेहमी तोच असतो; दुसरा कोणी, किंबहुना दुसरी कसली वस्तू होऊन बोलण्याचे सुचायला बहुधा आधी स्वतःचा आवाज गर्दीतून परत ऐकू यावा लागतो.

२०११ मध्ये कामानिमित्त न्यूयॉर्कला गेलो असताना आत्याने जॅक्सन हाइट्सच्या भारतीय दुकानांतून किराणा आणायला मला पिटाळले. एफ गाडीने जाताना वाटेत '२१ स्ट्रीट - क्वीन्सब्रिज' असे स्थानक लागले आणि मी पोहे, हिंग वगैरेची यादी खिशात घेऊन तिथे उतरलो. वेष्टनावरच्या इमारती समोर उभ्या होत्या. नॅस जिथे लहानाचा मोठा झाला ती, १९३९ मध्ये उघडलेली ही सरकारी वसाहत, सहा मजल्यांच्या ९६ इमारती आणि ३,००० हून अधिक घरे. वरळीच्या बीडीडी चाळी १२१ होत्या, म्हणजे आकड्यांना आपण घाबरायचे कारण नाही. पण एकाच साच्यातून काढलेल्या इतक्या विटा एका नजरेत मावत नाहीत. खर्च वाचवण्यासाठी इथल्या लिफ्ट मुळात पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच थांबतील अशा बांधल्या होत्या, असे मी वाचले होते. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने एक जिना चढावा किंवा उतरावा. मी बाकावर बसून त्या दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे जरा सहानुभूतीने पाहत होतो, तेव्हा लक्षात आले की अमेरिकेतला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. आपल्या हिशेबाने लिफ्ट दुसऱ्यावर थांबतच होती. मोजणी कुठून सुरू करायची, एवढाच प्रश्न होता, आणि मी तर या माणसाला दुसऱ्यापासूनच मोजायला लागलो होतो. मला तो घसरलेला दिसला नाही, कारण कुठून घसरला ती जागाच मी पाहिलेली नव्हती.

त्या वसाहतीतला धागा पुढे मुंबईपर्यंत येईल, असे मात्र त्या बाकावर वाटले नव्हते. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटाच्या निर्मात्यांच्या नामावळीत नॅसचे नाव आले आणि त्यातल्या एका गाण्यात तो मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपर्ससोबत होता. अंधेरीच्या जे. बी. नगरमधला डिव्हाइन त्याच वर्षी नॅसच्या मास अपील कंपनीच्या भारतीय शाखेशी जोडला गेला. त्याचा पहिला अल्बम 'कोहिनूर' २०१९ चा, दुसरा 'पुण्य पाप' २०२० चा, आणि या दुसऱ्याचे नाव तरी माझ्या आजीला कोणी समजावून सांगावे लागले नसते. माझी भाची त्या वेळी बारावीत होती. दुसरा अल्बम आला त्या आठवड्यात जेवताना तिने जाहीर केले की आता त्याच्यात पूर्वीचे राहिले नाही. मी आमटीचा भुरका मारून गप्प बसलो. मग राहवले नाही म्हणून विचारले, "आधी कुठला ऐकलास?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हा काय प्रश्न झाला.

२०२१ मध्ये, 'इट वॉज रिटन'ला २५ वर्षे झाली त्या सुमारास आतेभावाचा फोन आला. आता तो पन्नाशीकडे झुकला आहे आणि त्याचे मराठी आश्चर्यकारकरीत्या सुधारले आहे. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "अरे, माझी एक कॅसेट तुमच्याकडे राहिली होती बघ. हल्ली मला तोच जास्त आवडायला लागलाय. सापडली तर कोणाबरोबर तरी पाठव."

"शोधून सांगतो," मी म्हणालो. कॅसेट माझ्यासमोरच्या फडताळात, आजीच्या चष्म्याच्या डबीशेजारी होती. या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मी अजून शोधतोच आहे.